प्रबंध रखडतो कुठे?

प्रयोग संपलेले असतात, आकडेवारी हाताशी असते, संदर्भांची फाइल फुगलेली असते, आणि तरीही प्रबंधाचे तिसरे प्रकरण महिनोनमहिने हलत नाही. अशा वेळी संशोधक स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो. मला हे निदान मुळातच चुकीचे वाटते. जो माणूस प्रयोगशाळेत रात्री जागवतो, तो लिहायच्या वेळीच आळशी कसा होईल? लेखन अडते ते बहुतेक वेळा मेंदूच्या एका मर्यादेपाशी. ती मर्यादा लक्षात आली की नियमित लिहिण्याचा सल्ला का दिला जातो ते कळते, आणि वाक्य कसे सुधारावे तेही.

या मर्यादेचे नाव कार्यकारी स्मृती. आत्ता, या क्षणी जे मनात धरून आपण त्यावर काम करतो, ते सगळे या स्मृतीत असते. तिच्यात एका वेळी सातच्या आसपास गोष्टी मावतात, असे जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडले होते. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये सगळे पुरावे पुन्हा तपासले आणि तो आकडा चारच्या आसपास आणून ठेवला. आता शोधनिबंधातले एक साधे वाक्य लिहिताना काय काय सांभाळावे लागते ते पाहा. सांगायचा मुद्दा, मागच्या परिच्छेदाशी त्याचे नाते, कोणाचा संदर्भ द्यायचा, आकडा बरोबर आहे ना, नेमका शब्द कोणता, वाक्याची रचना, आणि यावर समीक्षक काय म्हणतील ही धास्ती. चारांच्या जागेत सात जण शिरले की दाटी होणारच.

लिहिताना मनात काय चालते, हे जॉन हेज आणि लिंडा फ्लॉवर यांनी एका सोप्या युक्तीने पाहिले. लिहिणाऱ्यांना त्यांनी डोक्यात येईल ते मोठ्याने बोलत लिहायला सांगितले आणि ते बोलणे नोंदवून ठेवले. १९८१ च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात लेखनाच्या तीन क्रिया दिसतात : आखणी, विचार शब्दांत उतरवणे आणि लिहिलेले तपासणे. आधी आखणी, मग लेखन, शेवटी तपासणी असा शिस्तीचा क्रम मात्र दिसत नाही. अर्धे वाक्य होते न होते तोच माणूस मागे वळून शब्द खोडतो, खोडता खोडता मुद्दाच बदलतो, आणि मग आखणी नव्याने सुरू होते.

या तिन्ही क्रिया वेगळ्या केल्या तर ओझे हलके होते का? रोनाल्ड केलॉग यांनी १९८८ मध्ये हे तपासले. त्यांचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो, कारण तो प्रचलित सल्ल्याशी पूर्ण जुळत नाही. ज्यांनी आधी आराखडा केला त्यांचे लेखन सरस ठरले, मग तो आराखडा कागदावर असो की नुसता मनात. ‘आधी कसेही लिहून काढा, मग सुधारा’ या पद्धतीने लक्षावरचा ताण कमी झाला खरा, पण तेवढ्याने लेखनाचा दर्जा वाढला नाही. तेव्हा कच्चा खर्डा जरूर लिहावा, त्याने अडलेला हात सुटतो. पण त्याआधी दहा मिनिटे काढून या परिच्छेदात कोणता एक मुद्दा सांगायचा आहे, त्याला पुरावा काय आणि तो पुढे कुठे नेणार, एवढे टिपून ठेवले पाहिजे. मसुद्याचा दर्जा बराचसा या दहा मिनिटांवर ठरतो.

आता नियमितपणाचे पाहू. तीन आठवड्यांनी प्रकरण उघडले की पहिला तास जुने वाचण्यातच जातो. युक्तिवादाचा धागा कार्यकारी स्मृतीत पुन्हा भरून घ्यावा लागतो, आणि तो भरेपर्यंत दिवस संपलेला असतो. काल लिहिलेले असेल तर तोच धागा काही मिनिटांत हाती लागतो. उठताना शेवटची ओळ म्हणून उद्याचे पहिले वाक्य कशावर असेल ते लिहून ठेवले, तर आणखी लवकर.

या विषयावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांचा, १९८३ सालचा. लेखन अडलेले २७ प्राध्यापक त्यांनी तीन गटांत विभागले. पहिल्याने अगदी तातडीचे असल्याशिवाय लिहायचेच नाही, दुसऱ्याने ठरलेल्या वेळी बसायचे पण लिहावेसे वाटले तरच लिहायचे, आणि तिसऱ्याने काहीही झाले तरी लिहायचे. तिसऱ्या गटावर सक्तीही होती : ठरलेली पाने झाली नाहीत तर स्वतःला मनापासून न आवडणाऱ्या संस्थेला देणगी जाणार. सक्तीच्या गटाने दुसऱ्या गटाच्या सुमारे साडेतीन पट आणि पहिल्या गटाच्या सोळा पट पाने लिहिली. पानांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कल्पना. सक्तीच्या गटाला सरासरी रोज एक नवी कल्पना सुचली, मनाला वाटेल तेव्हा लिहिणाऱ्यांना दोन दिवसांनी एक आणि न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांनी एक. आधी सुचते आणि मग लिहिले जाते, ही आपली समजूत इथे उलटी पडते. लिहायला बसल्यामुळेच सुचते.

हा प्रयोग लहान होता आणि त्यातले सगळे जण लेखनाबाबत मदत मागायला आलेले होते, हे विसरू नये. न्यूझीलंडमधल्या हेलन स्वर्ड यांनी अनेक देशांतल्या यशस्वी प्राध्यापकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा रोज न चुकता लिहिणारे त्यांत थोडेच निघाले. कोणी पहाटे लिहीत होते, कोणी फक्त सुट्ट्यांत, कोणी सलग चार दिवस आणि मग महिनाभर नाही. त्यांनी २०१६ मध्ये ‘रोज लिहा’ या मंत्राची चिकित्साच केली. माझ्या मते दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी खरी आहेत. ज्याची घडी बसली आहे त्याने ती मोडू नये. पण ज्याचे लेखन अडले आहे, त्याच्यासाठी ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा यांहून खात्रीचा उपाय माझ्या तरी पाहण्यात नाही. सवय लागायलाही वेळ द्यावा लागतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या साध्या दैनंदिन सवयींचा मागोवा घेतला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यांक, म्हणजे निम्म्यांचा आकडा ज्याच्या खाली आणि निम्म्यांचा वर पडतो तो मधला आकडा, ६६ निघाला. कोणाला १८ दिवस लागणार होते, तर कोणाला तब्बल २५४. दिलासा देणारी गोष्ट अशी, की अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने त्यांची घडी मोडली नाही. पंधरा दिवसांत नियम बसला नाही म्हणून हताश होऊन तो सोडणाऱ्यांनी हे आकडे जरूर ध्यानात ठेवावेत.

इथवर लिहिणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे पाहिले. वाचणाऱ्याचीही कार्यकारी स्मृती तेवढीच असते, आणि त्याला तर आपल्या डोक्यातले काहीच ठाऊक नसते. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात काही जणांना परिचित गाण्यांची लय टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली. ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी तीन ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात सूर चालू असतो. ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. विषयात पाच वर्षे बुडालेल्या संशोधकाचे असेच होते. त्याला आपले वाक्य स्वच्छ दिसते, कारण गाळलेला भाग तो मनातल्या मनात भरून घेत असतो.

मराठीत या ओझ्याला आणखी एक बाजू आहे. आपले क्रियापद शेवटी येते, त्यामुळे तिथे पोहोचेपर्यंत वाचकाला सगळे धरून ठेवावे लागते. प्रबंधात शोभेल असे हे वाक्य घ्या : ‘जलाशयाच्या तापमानामध्ये झालेल्या वाढीच्या परिणामस्वरूप शैवालाच्या वृद्धिदरामध्ये घट होत असल्याचे निरीक्षण प्रस्तुत अभ्यासामध्ये नोंदविण्यात आले.’ वाढ, परिणाम, घट, निरीक्षण अशी नामांची रांग लागली आहे, आणि शेवटी क्रियापद आले तेही नोंदवण्याचे. घडले काय होते? पाणी तापले, शैवाल मंदावले. मग ‘जलाशयाचे पाणी तापले तशी शैवालाची वाढ मंदावली’ असे लिहावे. शास्त्रीयता कुठेच कमी होत नाही. उलट किती अंशांनी तापले हे सांगायला जागा मोकळी होते.

वाक्यांच्या जोडणीचेही तसेच आहे. ‘शैवालाची वाढ तीन तळ्यांत मोजली. नायट्रेटचे प्रमाण या तिन्ही तळ्यांत वेगवेगळे होते.’ इथे दुसरे वाक्य सुरू होताच नायट्रेट कुठून आले, असा वाचक क्षणभर थबकतो. ‘या तिन्ही तळ्यांत नायट्रेटचे प्रमाण वेगवेगळे होते’ म्हटले की ओळखीच्या गोष्टीवरून तो नव्या गोष्टीकडे जातो. जॉर्ज गोपेन आणि जुडिथ स्वॉन यांनी १९९० मध्ये वैज्ञानिक लेखनासाठी हेच तत्त्व मांडले : जुने आधी, नवे नंतर. सुधारणेच्या बैठकीत मी आधी एवढेच तपासावे असे सुचवेन. व्याकरण आणि विरामचिन्हे शेवटी.

अवघड लिहिले की विद्वत्ता दिसते, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. डॅनियल ओपनहायमर यांच्या २००६ मधल्या प्रयोगांत विनाकारण अवघड शब्द घातलेल्या मजकुराच्या लेखकाला वाचकांनी कमी हुशार ठरवले. तरी कल अवघडाकडेच आहे. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी १८८१ ते २०१५ या काळातले सात लाखांहून अधिक शोधनिबंध-सारांश तपासले, तेव्हा ते सातत्याने वाचायला कठीण होत गेलेले दिसले.

आपले लेखन कुठे कठीण झाले आहे हे स्वतःला दिसत नाही, ते दुसऱ्याकडूनच कळते. त्यासाठी विषयाबाहेरचा एक वाचक गाठावा. ‘कसे वाटले?’ असे विचारले तर तो भीडेपोटी चांगलेच म्हणेल. त्याऐवजी त्याच्या हाती पेन्सिल द्यावी आणि जिथे ओळ पुन्हा वाचावी लागली तिथे समासात फक्त एक रेघ मारायला सांगावे.