मुंजीच्या पाटावरून शाळेच्या पटांगणात

आठव्या वर्षी मुंज लागली की मुलाला संध्या शिकवायचे. समोर पळी-पंचपात्र, उजव्या हाताचा अंगठा आणि अनामिका नाकपुडीवर. श्वास घ्यायचा तो पूरक, कोंडायचा तो कुंभक, सोडायचा तो रेचक, आणि मनात गायत्री. श्वासाचा पहिला धडा असा पिढ्यान्‌पिढ्या घरातच मिळत आला. पण ज्यांच्याकडे मुंज होई त्या मोजक्या घरांत, आणि तिथेही फक्त मुलग्यांना. आज बालवर्गात मुलं-मुली एका सतरंजीवर बसून भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव, करतात. आसनांच्या कोणत्याही यादीपेक्षा मला हा बदल मोठा वाटतो.

त्याची मोठी पायरी औंधला चढली गेली. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी तरुणपणी युजेन सँडो या पाश्चात्य शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने व्यायाम करत. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि जन्मभर नमस्कार घालत राहिले. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, मुलींनाही. त्यांच्या पद्धतीत दहा अवस्था होत्या, आणि प्रत्येक नमस्काराआधी ‘ॐ ह्रां मित्राय नमः’ असा बीजमंत्र खणखणीत म्हणायचा. शब्दाने श्वास लांबतो, हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही. ‘ह्रां’ नीट लांबवलं की रेचक आपसूक होतो. रथसप्तमीला शाळाशाळांतून सामुदायिक नमस्कार होतात, तेव्हा मला औंधची आठवण हटकून येते.

दुसरा धागा लोणावळ्याचा. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले. पुढे मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले आणि 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंशोधनाची संस्था काढली. क्ष-किरण आणि दाबमापक लावून योगक्रिया तपासणारा हा माणूस मुंबई इलाख्यातल्या शारीरिक शिक्षणाच्या कामातही होता, म्हणून योग कवायतीच्या तासाच्या जवळ आला. प्राणायामाचं मोल जादा प्राणवायू मिळण्यात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी आजही ‘मोठा श्वास घे, जास्त ऑक्सिजन मिळेल’ असं मुलांना सर्रास सांगितलं जातं. याचं मला वाईट वाटतं, कारण मग मुलं खांदे उडवून धापा टाकायला लागतात.

तिसरा धागा पुण्याचा. 1937 मध्ये, पुढे योगगुरू म्हणून गाजलेले बी. के. एस. अय्यंगार डेक्कन जिमखान्याच्या बोलावण्यावरून पुण्यात योग शिकवायला आले. लहानपणी आजारांनी पिचलेला, जेमतेम अठरा वर्षांचा मुलगाच तो. समोरचे विद्यार्थी जवळपास त्याच्याच वयाचे, काही थोरले.

संयुक्त राष्ट्रांनी 2014 मध्ये ठराव केला आणि 2015 पासून 21 जूनला योगदिन सुरू झाला. शाळांची पटांगणं त्या दिवशी भरतात. रोजचं शिकवणं मात्र वर्गातच चालतं.

या वाटेवर गळून पडलेली एक गोष्ट म्हणजे कुंभक. जाणती शिक्षिका लहान मुलांना श्वास कोंडायला लावत नाही. ती त्यांना उताणं झोपवते, पोटावर कागदाची होडी ठेवते आणि म्हणते, ‘होडी बुडू द्यायची नाही हं.’ होडी वर येते, खाली जाते. दोन-चार मिनिटांत वर्गातली चुळबुळ थांबते, आणि मग एखादी हळूच विचारते, ‘बाई, माझी होडी झोपली का?’