सात कोटींची शिल्लक आणि नऊ आण्यांचा तोळा

२६ मार्च १९०२. कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर चर्चा चालली होती. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते आणि अर्थखात्याचे सदस्य सर एडवर्ड लॉ यांच्यावर अभिनंदनाचा वर्षाव होत होता. सरकारच्या तिजोरीत सरत्या वर्षाअखेर सात कोटी रुपये शिल्लक पडत होते आणि याआधीची काही वर्षंही अशीच शिलकीची गेली होती. पस्तिशीतले गोपाळ कृष्ण गोखले उठले आणि म्हणाले, या अभिनंदनात मला मनापासून सामील होता येत नाही. लोकांची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांचा एकमेकींशी काहीच मेळ नाही, हेच या शिलकीवरून दिसतं.

मंडळात अंदाजपत्रकावर बोलायची मुभा होती, मतदानाची नव्हती. म्हणजे गोखले कितीही चांगलं बोलले तरी एक रुपयाही इकडचा तिकडे होणार नव्हता. तरीही ते भाषण गाजलं, आणि आजही वाचावं असं आहे. भाषणाचा गाभा म्हणजे एक हिशेब आहे. शाळांतून शिकवलं जाणारं अंकगणिताचं पुस्तक गोखल्यांच्या नावावर होतं, हे इथे विसरून चालत नाही.

प्रश्न साधा होता. १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच सुमारास आलेला प्लेग, मग १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ. दख्खनमध्ये गुरं मेली, माणसं मेली, गावं ओस पडली. रयत अशी मोडलेली असताना सरकारकडे पैसा उरतो कुठून? सरकारचं उत्तर होतं की, देशाची उभारी धरण्याची ताकद मोठी आहे. गोखल्यांचं उत्तर होतं की, ही शिल्लक रुपयानं दिली आहे. रुपयाचं माप बदललं, करांचे आकडे मात्र बदलले नाहीत.

हे माप कसं बदललं ते पाहायचं तर तीस वर्षं मागं जावं लागतं.

रुपया तेव्हा बरोबर एक तोळा वजनाचा होता. १८० ग्रेनपैकी १६५ ग्रेन शुद्ध चांदी. टांकसाळ सर्वांना खुली होती. कुणीही चांदी न्यावी, शेकडा दोनचा आकार द्यावा आणि रुपये पाडून आणावेत. त्यामुळे रुपयाची किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत जवळपास एकच असे. इंग्लंडचा पौंड मात्र सोन्याचा होता. १८७१-७२ मध्ये एका रुपयाला सुमारे २३ पेन्स मिळत. पुढं जर्मनीनं सोन्याचं चलन धरलं आणि आपली चांदी बाजारात ओतली, इतर देशांनी चांदीची नाणी पाडणं थांबवलं, अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी लागल्या. चांदी गडगडली आणि तिच्याबरोबर रुपयाही. १८९४-९५ मध्ये रुपयाला जेमतेम १३.१ पेन्स येत होते.

आता, गावच्या बाजारात रुपयानं जोंधळा घेणाऱ्याला पेन्सशी काय देणंघेणं? थेट फारसं नाही. पण हिंदुस्थान सरकारला होतं. दर वर्षी लंडनला एक मोठी रक्कम पौंडांत पोचवावी लागे. कर्जावरचं आणि रेल्वेवरचं व्याज, निवृत्त साहेबांची पेन्शनं, लष्कराचा तिकडचा खर्च, इंडिया ऑफिसचे पगार. या सगळ्याला मिळून होम चार्जेस म्हणत. या कर्जात १८५७ चं बंड मोडायला आलेला खर्चही होता. तोही हिंदुस्थानच्याच खात्यावर मांडला गेला.

हा पैसा पाठवायची रीत आपल्या हुंडीसारखीच होती. भारतमंत्री, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणारा ब्रिटिश मंत्री, लंडनमध्ये हुंड्या विकायचा. तिथला व्यापारी पौंड मोजून ती घ्यायचा, इकडे पाठवायचा, आणि कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या तिजोरीतून तिचे रुपये वटवून त्याचा माणूस कापूस, ताग, गहू विकत घ्यायचा. पौंड तिकडेच राहिले, रुपये इकडच्या करांतून गेले.

१९०० च्या सुमारास होम चार्जेस वर्षाला १ कोटी ७० लाख पौंडांच्या आसपास होते. एका पौंडाचे २४० पेन्स. भागाकार करून पाहा. २३ पेन्सचा रुपया असता तर ही रक्कम भागवायला पावणेअठरा कोटी रुपये पुरले असते. १३.१ पेन्सचा असेल तर ३१ कोटी लागतात. बिल तेच आणि भरणाराही तोच, पण तेरा कोटींवर जादा.

ही खिंडार बुजवायला, आणि शिवाय १८८५ नंतर वाढवलेल्या फौजेच्या व ब्रह्मदेशच्या खर्चासाठी, कर वाढले. १८८६ मध्ये प्राप्तिकर आला. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. १८९४ मध्ये आयात मालावर शेकडा पाच जकात बसली. दर वेळी कारण सांगितलं जाई की, रुपया घसरतोय, इलाज नाही. हे कारण खोटं नव्हतं, हेही मान्य करायला हवं.

मग सरकारनं इलाज शोधला. २६ जून १८९३ रोजी टांकसाळी खासगी चांदीला बंद झाल्या. नवे रुपये पडेनात, व्यापार तर वाढत होता. रुपयाची चणचण झाली आणि त्याचा भाव चढू लागला. १८९८ पर्यंत तो १६ पेन्सवर आला, आणि १८९९ मध्ये पंधरा रुपयांना एक सोन्याचा पौंड हा दर पक्का झाला. चांदी घसरतच होती, पण रुपयानं तिचा हात सोडला होता.

पुन्हा भागाकार. १६ पेन्सच्या दरानं तेच होम चार्जेस साडेपंचवीस कोटींत भागतात. ३१ वजा साडेपंचवीस, म्हणजे वर्षाला साडेपाच कोटींची बचत. मिठाचा कर मात्र अजून अडीच रुपयेच होता. रुपया घसरतो म्हणून जे कर बसवले, ते रुपया चढल्यावरही तसेच राहिले, आणि त्यांतून जे उरलं त्याला भरभराट म्हणायचं. सात कोटींची शिल्लक कुठून आली, याचं मोठं उत्तर या एका वजाबाकीत आहे.

मला या युक्तिवादातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की त्यात कुणावर चोरीचा आरोप नाही. शिंप्याच्या टेपवरचा इंच मोठा केला तर त्याच आकड्याचा सदरा शिवायला जास्त कापड लागेल. शिंपी आकडे बरोबरच लिहीत असतो. गोखल्यांनी बोट आकड्यांवर ठेवलं नाही, टेपवर ठेवलं. ही नजर एकट्याची नव्हती. न्यायमूर्ती रानडे आणि सोलापूरला हेडमास्तरकी केलेले गणेश व्यंकटेश जोशी यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात सरकारी तक्ते वर्षानुवर्षं पिंजून काढले होते. जोशी तर आकडेवारीचे भोक्तेच. गोखले अंदाजपत्रकाच्या भाषणांसाठी त्यांचा सल्ला घेत असत. १८९७ मध्ये विलायतेत, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे गोखल्यांनी जी साक्ष दिली, तीही या दोघांच्या तालमीत तयार झालेली.

पण टांकसाळ बंद होण्याचा एक परिणाम तिजोरीच्या तक्त्यांत दिसतच नाही. तो घराघरांतल्या पेटीत दिसला.

खेड्यातल्या माणसाची बँक म्हणजे बायकोच्या अंगावरची चांदी. वाळे, तोडे, कडी, कंबरपट्टा. चांगल्या साली करायचे आणि वाईट साली मोडायचे. टांकसाळ खुली होती तोवर रुपयाच्या कसाची तोळाभर चांदी म्हणजे पावणेसोळा आणे, जवळपास रुपयाच. सोनार थोडं कमी देई, पण त्याच्यामागं टांकसाळीचा दर उभा असे. तो आधार १८९३ मध्ये काढून घेतला गेला. आता रुपया १६ पेन्सचा आणि त्यातली चांदी स्वतःच्या भावानं. आण्यांत रूपांतर तर तोंडी होतं, कारण १६ पेन्सला १६ आणे, म्हणजे पेन्सला आणा. १८९९-१९०० च्या दुष्काळात रुपयातल्या चांदीची किंमत दहा पेन्सच्या आसपास होती, म्हणजे दहा आणे. १९०२ पर्यंत ती नऊ आण्यांवर आली.

म्हणजे १८९० साली शंभर तोळ्यांचे दागिने असलेल्या घराकडे शंभरेक रुपये होते. दुष्काळात तेच दागिने मोडायला काढले तर साठ-बासष्टच्या वर जात नव्हते. आणि ज्यासाठी मोडायचे, तो शेतसारा आणि ते सावकाराचं व्याज रुपयातच ठरलेलं. बचत एका मापात आणि देणं दुसऱ्या मापात, असा हा घोळ. लंडनचं बिल साडेपाच कोटींनी हलकं झालं त्याच व्यवस्थेतला हा दुसरा हिशेब, पण तो अंदाजपत्रकात मांडायला रकानाच नव्हता.

शेतसाऱ्याचं गणित मात्र इतकं सरळ नाही. मुंबई इलाख्यात सारा तीस-तीस वर्षांसाठी रुपयात ठरे. रुपया महागला की माल स्वस्त होतो, तोच सारा भरायला जास्त धान्य विकावं लागतं, असा तर्क होता आणि तो बरोबरही आहे. पण त्याच वर्षांत दुष्काळानं धान्याचे भाव चढवले, त्यामुळे रुपयाचा परिणाम वेगळा काढून दाखवणं अवघड. शिवाय महाग रुपया सगळ्याच गरिबांना वाईट असतो का? हा प्रश्न पुढं बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयावरच्या १९२३ सालच्या आपल्या ग्रंथात आणि नंतर चलन आयोगापुढच्या साक्षीत विचारला. त्यांचं म्हणणं असं की, रुपया घसरला की भाव वाढतात, पण मजुरी तितकी भराभर वाढत नाही. मालकाचा आणि व्यापाऱ्याचा फायदा होतो, तो मजुराच्या ताटातून. म्हणजे एकाच घरात बाप साऱ्याची जमीन कसत असेल आणि मुलगा गिरणीत रोजावर असेल, तर रुपयाचा तोच चढउतार एकाला मारक आणि दुसऱ्याला तारक. गोखल्यांच्या भाषणात हा मुलगा फारसा दिसत नाही. बाप मात्र स्पष्ट दिसतो.

मिठाला असले फाटे नव्हते. मीठ बापालाही लागतं आणि मुलालाही. बंगाली मण म्हणजे सुमारे ८२ पौंड. अडीच रुपये म्हणजे ४० आणे, तेव्हा पौंडामागे जवळजवळ अर्धा आणा कर. पाच माणसांच्या घरात माणशी दहा पौंड धरले तर वर्षाचे २४ आणे, दीड रुपया. रोजचे तीन आणे मिळवणाऱ्या मजुराची ही आठ दिवसांची मजुरी, आणि तीही फक्त कराची. मिठाची किंमत वेगळीच. गोखले मीठ आणि प्राप्तिकर या दोन्हींवर अडून बसले. शिल्लक पडते आहे तर ज्या करांचं कारण संपलं ते उतरवा, एवढीच मागणी होती.

सरकारचीही बाजू होती. शिल्लक असली की रेल्वेसाठी तेवढं कर्ज कमी काढावं लागतं आणि पुढच्या दुष्काळाला हाताशी पैसा राहतो. यावर गोखले पुढच्या वर्षांत पुन्हा पुन्हा विचारत राहिले की, रेल्वे कर्जातून बांधता येते, कारण ती स्वतःचं व्याज स्वतः फेडते. शाळा आणि गावचं पाणी यांसाठी कोण कर्ज देणार? शिल्लक तिकडं लावा. हा भेद आजच्या अर्थसंकल्पांतही कामाला येतो.

१९०३ मध्ये मिठाचा कर दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची माफी वर्षाला पाचशे रुपयांवरून हजारावर गेली. १९०५ मध्ये मीठ दीड रुपया, १९०७ मध्ये एक रुपया. आपल्या त्या पाच माणसांच्या घराचे २४ आणे आता दहा आण्यांवर आले होते. मत द्यायचा अधिकार नसलेल्या मंडळातल्या भाषणानं हे सगळं घडलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. शिल्लक इतकी फुगली होती की काहीतरी सोडावं लागणारच होतं. पण काय सोडायचं, याची यादी गोखल्यांनी आधी वाचून दाखवली होती.

पहिल्या महायुद्धात मिठाचा कर पुन्हा वाढून सव्वा रुपया झाला. १९२३ मध्ये तिजोरीत तूट होती. तोवर अंदाजपत्रकावर मत द्यायचा अधिकार आला होता आणि कायदेमंडळाच्या सभेनं मिठावरची करवाढ नाकारली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात सही केली आणि मिठाचा कर पुन्हा मणाला अडीच रुपये झाला.