पेल्व्हिसमधलं ब्लीडिंग कॅथेटरने थांबवायची पद्धत आली कुठून

मोठ्या अपघातात पेशंट हातातून जातो तो बऱ्याचदा वरून दिसणाऱ्या जखमेमुळे नाही तर आतल्या आत वाहून गेलेल्या रक्तामुळे, आणि त्यात पेल्व्हिस म्हणजे कंबरेखालचं हाडांचं कडं मोडलं असेल तर सर्जनची खरी परीक्षा असते. तिथल्या धमन्या खोल, त्यांना फाटे भरपूर, आणि वरून पोट उघडलं की साठलेल्या रक्ताच्या दाबाने जे ब्लीडिंग थोडंफार आवरलेलं असतं तेही पुन्हा सुटतं, मग रक्त नेमकं कुठून येतंय हेच सापडत नाही. म्हणून आज अशा पेशंटला मांडीच्या धमनीतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, घालून फुटलेली धमनी आतूनच बंद करतात. हे एका रात्रीत आलेलं नाहीये.

धमन्या एक्स-रेवर दिसू शकतात हे 1927 साली लिस्बनमध्ये एगास मोनिझने मेंदूच्या धमन्यांत एक्स-रेवर उठून दिसणारं औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, सोडून दाखवलं, दोन वर्षांत तिथल्याच डॉस सांतोसने महाधमनीचेही फोटो काढले, पण त्यासाठी पाठीतून लांब सुई थेट महाधमनीत घालायची, म्हणजे गंभीर जखमी माणसासाठी काही कामाचं नव्हतं. 1953 मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगरने साधी युक्ती काढली, सुई घाला, सुईतून तार सरकवा, सुई काढा, तारेवरून कॅथेटर आत ढकला. बस्स. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं काम हेच, कारण आज अँजिओच्या, म्हणजे धमन्यांत कॉन्ट्रास्ट सोडून फोटो काढायच्या अँजिओग्राफीच्या, टेबलावर जे काही होतं त्याची सुरुवात अजूनही तिथूनच होते.

पुढे 1963 मध्ये अमेरिकन डॉक्टर नसबॉम आणि स्टॅनली बाम यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगात दाखवलं की मिनिटाला अर्धा मिलीलीटर इतकं बारीक ब्लीडिंगसुद्धा अँजिओग्राफीत दिसतं. मग प्रश्न आलाच, दिसतंय आणि कॅथेटर तिथपर्यंत पोचलंय तर बंद का करू नये? 1972 मध्ये रोश आणि डॉटर यांनी जठरातलं ब्लीडिंग पेशंटच्याच रक्ताची गुठळी धमनीत सोडून थांबवलं, आणि त्याच वर्षी बोस्टनच्या टीमने पेल्व्हिस मोडलेल्या पेशंटमध्ये हाच उपाय केल्याचं छापून आलं, या टीममध्ये तेच स्टॅनली बाम होते. स्वतःची गुठळी लवकर विरघळते म्हणून जिलेटिनचा स्पंज वापरात आला, तो काही आठवड्यांत विरघळून धमनी बहुतेक वेळा पुन्हा उघडते, म्हणून ट्रॉमात, म्हणजे अपघाताच्या पेशंटमध्ये, तो आजही आवडीचा आहे, आणि 1975 मध्ये जियानतुर्कोच्या धातूच्या कॉइल, म्हणजे धमनीत सोडून ती बुजवायच्या बारीक गुंडाळ्या, आल्या. प्लीहा फाटली की काढून टाकायची हा जुना रिवाजही 1980 नंतर हळूहळू बदलला, कारण तिच्या मुख्य धमनीत कॉइल टाकून आतला दाब कमी केला की बऱ्याच पेशंटची प्लीहा वाचते.

पण रक्त कुठे वाहतंय ते आधी कळायला तर हवं ना, आणि खरी अडचण तिथेच होती. 1965 पासून पोटात सलाईन सोडून ते परत काढून रक्त आहे का बघायचे, मग सोनोग्राफी आली, पण दोन्हीतून पोटात रक्त आहे एवढंच कळतं, कुठल्या धमनीतून ते नाही. सीटीवर पहिला पेशंट 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनमध्ये घेतला गेला, पण सुरुवातीची मशीन इतकी हळू होती की बीपी पडत असलेल्या पेशंटला सीटीला न्यायचंच नाही असं शिकवलं जायचं. 1998 च्या सुमाराला मल्टी-स्लाइस सीटी आला आणि डोक्यापासून पेल्व्हिसपर्यंतचा स्कॅन मिनिटाच्या आसपास व्हायला लागला, धमनीबाहेर सांडलेलं कॉन्ट्रास्ट पांढऱ्या डागासारखं दिसतं, त्यामुळे रेडिओलॉजिस्टला कॅथेटर कुठल्या फाट्यात घालायचं हे आधीच माहीत असतं.

उरला वेळ. ईआर म्हणजे इमर्जन्सी विभाग एकीकडे, सीटी दुसरीकडे, अँजिओ तिसऱ्या मजल्यावर, आणि प्रत्येक वेळी पेशंट उचलून हलवायचा. 2011 मध्ये ओसाकाच्या एका हॉस्पिटलने सीटी आणि अँजिओ दोन्ही ईआरमध्येच आणले, पेशंट एकाच टेबलावर, स्कॅन, ऑपरेशन, एम्बोलायझेशन (कॅथेटरने धमनी बंद करणं) सगळं तिथेच, आणि आधीच्या वर्षांशी तुलना करता मृत्यू कमी झाले. उलट कोरियन युद्धापासून माहीत असलेला महाधमनीत बलून फुगवायचा उपाय ब्रिटनमध्ये 90 पेशंटवर तपासला तेव्हा, 2023 च्या निकालानुसार, 90 दिवसांतले मृत्यू बलूनच्या गटात 54 टक्के आणि नेहमीच्या उपचारात 42 टक्के निघाले. बलूनच्या गटात रक्त कायमचं थांबवायची प्रक्रिया सुरू व्हायलाच जास्त वेळ लागला होता, आणि बलून फक्त रक्त अडवतो, फुटलेली धमनी तशीच राहते.

रात्री अँजिओची टीम घरून यायची असते तिथे आजही सर्जन आधी पेल्व्हिस बाहेरून घट्ट बांधतात, गरज पडली तर पोटाच्या आतल्या पडद्याबाहेरून, रक्त दाबून धरायला, कापडाचे पॅक भरतात आणि मग पेशंट अँजिओला पाठवतात, म्हणून टीमला फोन सीटीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत न थांबता बीपी पडतोय हे दिसलं की लगेच गेला पाहिजे.