हेडोने

सुख, विशेषतः इंद्रियांना जाणवणारे सुख, या अर्थाचा प्राचीन ग्रीक शब्द. सुखवादाचे ‘हेडोनिझम’ हे पाश्चात्त्य नाव त्यावरूनच एकोणिसाव्या शतकात रूढ झाले.

या शब्दाचे मूळ ‘गोड’ या अर्थाच्या इंडो-यूरोपीय धातूत असल्याचे सर्वसाधारणपणे मान्य आहे. ग्रीक ‘हेडुस’, लॅटिन ‘सुआविस’ व संस्कृत ‘स्वादु’ ही त्याचीच रूपे असून मराठीतील ‘स्वाद’ही त्याच कुळातला. ‘सप्त’चे ग्रीकमध्ये ‘हेप्टा’ होते, त्याच नियमाने येथे आरंभीच्या सकाराचा हकार झाला आणि पुढचा वकार लोपला. मूळचा दीर्घ ‘आ’ मात्र ग्रीकच्या डोरिक बोलीतील ‘हाडोना’ या रूपात टिकून राहिला. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादात सॉक्रेटीस हा शब्द ‘ओनेसिस’ म्हणजे लाभ याच्याशी जोडतो आणि मधला डकार घुसडलेला ठरवतो. ही व्युत्पत्ती अर्थातच ग्राह्य नाही.

होमरच्या काव्यांत हे नाम येत नाही, ‘हेडोस’ (आनंद) येते: देव असेच भांडत राहिले तर मेजवानीत काही ‘हेडोस’ उरणार नाही, असे ‘इलियड’च्या पहिल्या सर्गात हेफेस्टस म्हणतो. आयोनियन (आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील ग्रीक) विचारवंतांच्या गद्यातील ‘हेडोने’चा अर्थ अधिक वादग्रस्त आहे. अग्नीत सुगंधी द्रव्ये मिसळली की प्रत्येकाच्या ‘हेडोने’नुसार त्याला नाव मिळते, या हेराक्लायटसच्या वचनात काही अभ्यासक ‘ज्याची त्याची आवड’ असा अर्थ घेतात, तर काही ‘गंध’ असा. ॲनॅक्सॅगोरस मात्र सर्व वस्तूंच्या बीजांना नाना आकार, रंग आणि ‘हेडोने’ असल्याचे सांगतो. तेथे रंगाच्या जोडीने ‘चव’ हाच अर्थ जुळतो. हे पाहता हेराक्लायटसच्या वचनातही वस्तूचा गुण अभिप्रेत असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

अर्थाच्या काटेकोर विभागणीचे श्रेय प्रॉडिकस या सोफिस्ट (व्यावसायिक शिक्षक) विचारवंताकडे जाते. प्लेटोच्या ‘प्रोटॅगोरस’ या संवादात तो ज्ञानार्जनातील बौद्धिक समाधान आणि खाण्यापिण्यासारखे शारीरिक सुख यांना वेगवेगळी क्रियापदे योजतो, दुसरे ‘हेडोने’च्या धातूचे. प्रत्यक्ष वापरात हा भेद फारसा पाळला गेला नाही. ॲरिस्टॉटल चिंतनाच्या सुखालाही ‘हेडोने’च म्हणतो, आणि एपिक्युरस (इ. स. पू. ३४१–२७०) तर वेदना व मनःक्षोभ यांच्या अभावाला. स्टोइकांनी (विवेक व संयम यांवर भर देणाऱ्या ग्रीक तत्त्वपंथाने) मात्र ‘हेडोने’ची गणना चार मुख्य मनोविकारांत केली व सुज्ञाच्या आनंदासाठी ‘खारा’ हा वेगळा शब्द राखून ठेवला. रोमन लेखक सिसेरोने लॅटिनमध्ये ‘व्होलुप्टास’ हा पर्याय योजला. बायबलच्या नव्या करारात ‘हेडोने’ हा शब्द पाच वेळा येतो, तो निंदाव्यंजक अर्थानेच.