पर्णाभ शैवाक

पानासारख्या चपट्या पाळ्या असलेल्या शैवाकांना (लायकेन) पर्णाभ शैवाक म्हणतात. मसाल्यातले दगडफूल (पार्मोट्रेमा पर्लाटम) याच गटातले. नाव काही असो, ते फूल नाही, पान नाही आणि वनस्पतीही नाही. एक कवक (बुरशी) आणि त्याच्यात राहणारे शैवल किंवा नीलहरित जीवाणू यांचा तो संसार आहे. हे दुहेरीपण स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ झीमॉन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकात मांडले, तेव्हा अनेक शैवाकतज्ज्ञांनी ते उडवून लावले होते.

कायकाच्या, म्हणजे शैवाकाच्या शरीराच्या, उभ्या छेदात वर कवकतंतूंचे घट्ट बाह्यक (बाहेरचा थर) दिसते. त्याखाली शैवलपेशींचा पातळ हिरवा थर, मग पोकळ विणीचा पांढरा गाभा आणि तळाशी बहुधा काळपट खालचे बाह्यक. तळाचे मूलाभ (मुळांसारखे तंतू) फक्त पकड देतात, पाणी ओढत नाहीत. अंबिलिकॅरिया या प्रजातीत तर मधोमध एकच देठासारखी पकड असते.

पाणी अडवणारे मेणचट आवरण किंवा उघडझाप करणारी रंध्रे नसल्यामुळे कायक हवेबरोबर सुकतो आणि भिजतो. सुकला की कुरकुरीत होऊन त्याचे व्यवहार थांबतात. हिरवे शैवल असलेल्या जाती नुसत्या दमट हवेवरही पुन्हा प्रकाशसंश्लेषण सुरू करतात. नॉस्टॉक हा नीलहरित जीवाणू असलेल्यांना मात्र प्रत्यक्ष पाणीच लागते. वाढ अतिशय मंद, बऱ्याच जातींत कडेने वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. म्हणून खडक पूर्ण खरवडू नये. गळून पडलेले तुकडे आधी वेचावेत. सोरेडिया व इसिडिया या सूक्ष्म कणांतून दोन्ही भागीदार एकत्र पसरतात. बीजाणूतून मात्र एकटे कवक जाते आणि त्याला नव्या जागी शैवल शोधावे लागते.

ओळखीसाठी रासायनिक थेंब उपयोगी पडतो. दगडफुलाच्या जवळच्या पार्मोट्रेमा टिंक्टोरमच्या गाभ्यावर विरंजक द्रव (ब्लीच) टाकला की लेकॅनोरिक आम्लामुळे लगेच लाल रंग येतो. पर्लाटमच्या गाभ्यावर तो येत नाही. वरचे बाह्यक पात्याने खरवडून पांढऱ्या गाभ्यावरच थेंब टाकावा. दुसऱ्या चाचणीतल्या पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) द्रावणाने बाह्यक स्वतःच पिवळे पडते आणि निष्कर्ष चुकतो. विरंजक जुना असेल तर लाल रंग येतच नाही.

लोकर रंगवण्यासाठी पार्मेलिया सॅक्साटिलिस ही जात सोपी. शैवाक व लोकर समान वजनाने थर देऊन मंद आचेवर काही तास ठेवले, की तांबूस तपकिरी रंग चढतो, रंगबंधक (रंग पक्का करणारे द्रव्य) लागत नाही. जांभळ्या रंगासाठी अंबिलिकॅरिया किंवा लासालिया लागते. त्याचा चुरा एक भाग अमोनिया व दोन भाग पाणी यांत बुडवावा, बरणी अर्धी रिकामी ठेवावी, रोज अनेकदा हलवावी व अधूनमधून झाकण उघडावे. किमान तीन आठवडे लागतात. प्राणवायूशिवाय रंगद्रव्य बनत नाही. बरणी भरगच्च किंवा न हलवता ठेवली, तर तपकिरी पाणीच हाती लागते. हा जांभळा उन्हात फिका पडतो. अमोनिया आणि वरच्या चाचणीतला विरंजक कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. विषारी वायू निघतो.

खाद्य म्हणून दगडफुलाचा वास गरम तेलात खुलतो, कच्चे ते जवळजवळ निर्गंध. अंबिलिकॅरिया एस्क्युलेंटा जपान व कोरियात खातात. व्हल्पिसिडासारख्या गडद पिवळ्या जाती मात्र विषारी आहेत.

हवेतून सगळे शोषणाऱ्या या जीवांत जड धातूही साठतात, म्हणून रस्त्याकडेचे किंवा कारखान्याजवळचे खाण्यासाठी घेऊ नयेत. पॅरिसच्या हवेचा शैवाकांवरील परिणाम शैवाकतज्ज्ञ विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्येच नोंदवला होता. सल्फर डायऑक्साइडने लोबॅरिया लवकर नाहीशी होते. झँथोरिया पॅरिएटिना मात्र नायट्रोजनयुक्त प्रदूषणात उलट फोफावते. तेव्हा झाडावर शैवाक दिसले म्हणजे हवा स्वच्छ, असे जात न पाहता म्हणता येत नाही.