मुक्त सॉफ्टवेअरमधील नेत्यांचे उत्तरदायित्व

मुक्त सॉफ्टवेअर (म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारे सॉफ्टवेअर) चळवळीतला संस्थापक किंवा प्रकल्पप्रमुख वादग्रस्त वागला-बोलला, तर त्याला जाब विचारण्याची आणि वेळ पडल्यास पदावरून दूर करण्याची व्यवस्था. सांगलीत विश्रामबागच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचा विद्यार्थ्यांचा गट आहे, त्यामुळे हा विषय इथे परका नाही.

प्रश्न ऐरणीवर आला तो रिचर्ड स्टॉलमन यांच्या निमित्ताने. १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त संगणकप्रणालीचा प्रकल्प जाहीर करून आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापून त्यांनीच चळवळ उभी केली. सप्टेंबर २०१९ मध्ये लैंगिक शोषणाचा आरोप असलेले अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टाईन यांच्या प्रकरणात एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातले दिवंगत संगणकशास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांची बाजू घेताना केलेल्या विधानांवरून गदारोळ झाला. स्टॉलमन यांनी एमआयटीतली जागा आणि फाउंडेशनचे अध्यक्षपद दोन्ही सोडले. मार्च २०२१ मध्ये ते फाउंडेशनच्या संचालक मंडळावर परतले, तेही स्वतःच घोषणा करून. लिनक्स क्षेत्रातल्या रेड हॅट कंपनीने फाउंडेशनला दिला जाणारा निधी थांबवला. वर्गणी भरणाऱ्या सभासदांना मात्र संचालक निवडण्याचा अधिकारच नव्हता, आणि खरे दुखणे हेच आहे.

सांगलीच्या वाचकाला हे चटकन समजेल. सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत व्यासपीठासमोरून ‘मंजूर, मंजूर’चा गजर चालू असतानाही एखादा ऊस उत्पादक अहवालाचे पुस्तक उघडून माईक मागतो, कारण त्याच्या हातात एक मत आहे. कार्यकर्त्यांच्या गोंगाटात त्याचा आवाज दबेलही. पण मत कुणी काढून घेत नाही.

असा अधिकार डेबियन या लिनक्सवर आधारित मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पात आहे. तिथला प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो आणि सभासद ठरावाने त्याला पदावरून दूरही करू शकतात. स्टॉलमन यांच्या पुनरागमनावर डेबियनने एप्रिल २०२१ मध्ये मतदान घेतले. कौल निघाला तो प्रकल्पाने जाहीर भूमिका न घेण्याचा. कोणी काय मत दिले हे तेव्हा नावानिशी प्रसिद्ध झाले. त्रास होईल या भीतीने मोकळेपणाने मत देता येत नाही, ही तक्रार रास्तच होती; २०२२ मध्ये डेबियनने अशी मतदाने गुप्त केली.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या उर्मट भाषेबद्दल माफी मागून काही काळ विश्रांती घेतली, आणि त्याच सुमारास तिथे आचारसंहिता लागू झाली.

नेतृत्व पटत नसेल तर सॉफ्टवेअरची प्रत घेऊन वेगळी चूल मांडण्याची मुभा मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यातच असते. २०१० मध्ये ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरमधून लिब्रेऑफिस असेच निघाले. मात्र मूळ संस्थेचे नाव, निधी आणि संचालकांच्या खुर्च्या या मुभेत येत नाहीत. तिथे मताचा अधिकारच लागतो.