सर्वात कमी बोली म्हणजे यशस्वी लिलाव?

डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या सौरऊर्जा लिलावात युनिटला १ रुपया ९९ पैसे अशी बोली लागली आणि ‘विक्रमी स्वस्त वीज’ असे मथळे झळकले. अशा मथळ्यांनी हुरळून जाऊ नये. या लिलावात सर्वात कमी दराने वीज विकायला तयार असलेली कंपनी जिंकते; ठरतो तो फक्त भाव. वीज मिळते प्रकल्प उभा राहिला तर. तो उभा राहील की नाही, हे बरंचसं निविदेच्या अटींवर अवलंबून असतं.

जर्मनीत २०१७ साली जमिनीवरच्या पवनऊर्जेचे लिलाव सुरू झाले. सगळं बड्या कंपन्यांच्या घशात जाऊ नये, हा सरकारचा हेतू चांगलाच होता. म्हणून किमान १० व्यक्तींच्या ‘नागरिक कंपन्यां’ना सवलती मिळाल्या: बोलीच्या वेळी उभारणीचा परवाना नसला तरी चालेल, सुरुवातीची अनामत निम्मी, आणि उभारणीला इतरांपेक्षा दोन वर्षं जास्त, म्हणजे ५४ महिने.

आता हिशेब बघा. साडेचार वर्षांत जास्त कार्यक्षम, स्वस्त पवनचक्क्या येतील असं धरून आजच पडेल भाव सांगायचा. अंदाज खरा ठरला तर नफा. चुकला तर प्रकल्प सोडायचा. परवान्याआधी सोडला तर बुडणार ती अनामत: किलोवॅटला १५ युरो, म्हणजे मेगावॅटला १५,०००. एका मेगावॅटची पवनचक्की उभारायला मात्र दहा लाखांहून जास्त युरो लागतात. हे शेअर बाजारातल्या ‘ऑप्शन’सारखंच: खरेदीचा हक्क आहे, सक्ती नाही. मुदत जितकी लांब आणि भविष्यातल्या किमती जितक्या अनिश्चित, तितकं त्या हक्काचं मोल वाढतं आणि तितकी बोली खाली घसरते. शिवाय जिंकतो तोच, ज्याचा अंदाज सगळ्यांत आशावादी असतो!

मे २०१७ मध्ये युनिटला सरासरी ५.७१ युरो सेंट असलेला भाव नोव्हेंबरात ३.८२ वर आला. जवळजवळ सगळी क्षमता नागरिक कंपन्यांनी जिंकली, पण त्यांतल्या अनेकींच्या मागे बडे विकासकच होते. बरेच प्रकल्प पुढे उभेच राहिले नाहीत. २०१८ मध्ये परवान्याची सवलत स्थगित करावी लागली.

अट नेमकी असली की काय होतं, हे आपल्याकडे जानेवारी २०२० मध्ये दिसलं. ‘सेकी’ला (सोलर एनर्जी कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या केंद्र सरकारच्या कंपनीला) १२०० मेगावॅट वीज अशी हवी होती, की सकाळ-संध्याकाळच्या जादा मागणीच्या तासांतही ती मिळावी. इतर वेळेचा दर २ रुपये ८८ पैसे आधीच ठरवून टाकला. स्पर्धा फक्त जादा मागणीच्या वेळच्या दरावर. तिथे सर्वात कमी बोली ६ रुपये १२ पैसे लागली. मथळ्यासाठी हा आकडा महाग, पण त्यामुळेच विकासकांना बॅटरी आणि पाणी वर चढवून वीज साठवणारे प्रकल्प परवडणार होते. नुसती स्वस्त सौरवीज मागितली असती, तर ती दुपारीच मिळाली असती.